बायकोशिवाय बाळंतपणाचा क्लास

१ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रपूरला जाऊन आलो. बाळंतपणाचा क्लास. एकटाच. सकाळी शेवटचं विचारून पाहिलं तर शालू वांगी चिरता चिरता म्हणाली, "तुमाले जाचं तर जा. मी एकदा गेली, तेवढं पुरे."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हॉल. खाली गाद्या, गादीवर उशा. सगळी जोडपी आणि मी. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "मिसेस?" म्हटलं, येईल पुढच्या वेळी. पहिल्याच दिवशी खोटं. एक सिमेंट कंपनीतला इंजिनियर, बायकोची पाण्याची बाटली धरून बसलेला, माझ्याकडे असा बघत होता, जणू हा चुकून भलत्या लग्नात जेवायला आलाय.

शालूनं मागच्या वेळी इथंच माहेरच्या नावानं नाव नोंदवलं होतं. त्यामुळे मॅडमना पत्ता लागला नाही. मीही सांगितलं नाही. तेव्हा मी तिला माझ्याच एस.टी.च्या फेरीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून आणायचो. ती वर क्लासला, मी खाली स्टँडवर चहाला. वर काय शिकवतात हे कधी विचारलं नाही. बायकांचं काही असेल म्हटलं.

आज कळलं काय शिकवतात. श्वास घ्यायला शिकवतात.


२ नोव्हेंबर

ऑफ. शालूला म्हटलं, दाखवू का काय शिकलो? नाकानं आत, तोंडानं बाहेर, सावकाश. ती बघत राहिली. मग म्हणाली, "असं नाई जी. खांदे वर जाऊन राह्यले तुमचे. पोट फुगलं पायजे." एवढं बोलून आत निघून गेली.

तिला सगळं पाठ आहे. आमचा पहिला मुलगा मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला गेला. जन्मला आणि गेला, म्हणजे रडलाच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती तिकडे धानोऱ्याकडच्या गावी आणि मी इथं मूल गावी, एस.टी.च्या ड्युटीवर. फोन आला तेव्हा गल्लीतली पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरत होती. नेमकं काय झालं ते कुणी धड सांगितलं नाही. "उशीर झाला" एवढंच. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

आता सातवा लागलाय. ती पोटाला हात लावत नाही. पोट जणू शेजारणीनं सांभाळायला दिलंय.


८ नोव्हेंबर, शनिवार

आज नवऱ्यांनी बायकोची कंबर कशी दाबायची ते शिकवलं. माझ्याकडे कंबर नाही. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच झोपा. कळ म्हणजे काय ते समजू दे." कुशीवर झोपलो. इंजिनियरनं माझी कंबर दाबली. पूर्ण हॉल हसला. मीही हसलो, काय करता. ड्रायव्हरची कंबर ती, बारा वर्षं स्टेअरिंगमागे आखडलेली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

गाडीत परत येताना मात्र मेल्यासारखं झालं. बाळ तिच्या पोटात, कंबर तिची, आणि दाबून घेऊन आलो मी.


१० नोव्हेंबर

सिंदेवाही फेरी. चढावर गिअर बदलताना श्वासाची प्रॅक्टिस. माझा कंडक्टर, गेडामभाऊ, पुढे येऊन म्हणतो, "काय झालं बे? दमा झाला का तुले?" सांगितलं खरं काय ते. तो डिझेलच्या काट्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी येत नाई, अन् तू जाते. पोट्टं कोनाच्या पोटात हाये मंग?"

प्रश्न बरोबर आहे.


१५ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला नको वाटतंय.

मॅडम म्हणाल्या, कळ आली की चेहरा कसा ठेवायचा, दात आवळायचे नाहीत, ओरडून शक्ती घालवायची नाही, हे बोलण्यापेक्षा दाखवते. "मागच्या वर्षी एक मुलगी होती, खेड्यातली. माझ्या आजवरच्या बॅचमधली सगळ्यात छान." आणि फोनवर व्हिडिओ लावला. फोन गादीगादीवरून फिरत माझ्याकडे आला.

शालू.

तोच पिवळा गाऊन. पोट केवढं. डोळे मिटलेले, श्वास आत, श्वास बाहेर. कपाळावर कुठं एक आठी नाही. मधेच थोडं हसते आणि परत श्वास. मागं मॅडमचा आवाज, "शाब्बास, शाब्बास गं."

मी फोन पुढच्या गादीवर दिला. इंजिनियरची बायको म्हणाली, किती शांत आहे ना ही! मॅडम म्हणाल्या, असंच व्हायचंय आपल्याला.

बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही. म्हणून उघडलं नाही.


१६ नोव्हेंबर

आई आली गावाहून, आता बाळंतपणापर्यंत राहील. दुसरं आमच्याकडेच व्हायचं. मी म्हटलं, डोहाळजेवण करू, चार बाया बोलावू, तिचं मन लागेल. आई म्हणाली, "मागल्या खेपेस केलं होतं न थाटात. काय झालं? आता लेकरू हातात येऊ दे, मंग कर गावजेवण."

आणि क्लासचं कळलं तर तिनं कपाळावर हात मारला. "बाळतपन का शाळेत शिकवतेत? मले पाच झाले. मास्तर ठेवला होता का तुया बापानं?" पाच झाले, तीन राहिले, हे ती कधी बोलत नाही. मीही तोंडावर बोललो नाही. पण मनात आलंच.

शालू चुलीजवळ बसून ऐकत होती.


२२ नोव्हेंबर, शनिवार

क्लास बुडाला. मुक्कामी गाडी लागली. बदली मागितली, पण सगळेच शेतावर, धान कापणी. कोण देईल. रात्री शाळेसमोर गाडी लावून व्हरांड्यात झोपायचं, सकाळी पहिली फेरी घेऊन यायची. तोवर शालूला काही झालं तर? आई आहे. आई म्हणजे पाच बाळंतपणांचा अनुभव. तिकडे सासूबाईही होत्याच, त्यांनाही चार.




२७ नोव्हेंबर

ऑफ घेऊन सासुरवाडीला गेलो. शालूला सांगितलं, तुझ्या आईला थोडे दिवस आणतो. ती "हो" पण म्हणाली नाही, "नाही" पण नाही.

मामी, म्हणजे सासूबाई, शेतावर होत्या, धानाचे भारे एकावर एक पुंजण्यावर रचत. मला बघून पदर सावरला. "जवाईबापू, शालू बरी हाय न?" म्हटलं, बरी आहे. मग बांधावर बसलो आणि मी विचारून टाकलं. म्हटलं, मामी, त्या दिवशी काय झालं होतं ते मला एकदा सांगा. सव्वा वर्ष झालं.

त्यांनी एक भारा पुढ्यात ओढला. भाऱ्याची दोरी सोडायची, परत बांधायची. मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहून ठेवतो.

"सकाळपासून कळा हायेत म्हने. पन जवाईबापू, ते ओरडलीच नाई. गुमान डोळे झाकून, तोंडानं फू फू करत बसली होती. आमच्याकडं बाई ओरडाले लागली का आमी समजतो का आता जवळ आलं. जितकं मोठ्यानं ओरडते तितकं जवळ. शेजारची सुईनबाई बी आली, पाहून गेली. म्हने, हे तं हसून राह्यली, अजून टाइम हाये, संध्याकाळ होईल. आमी सयपाक केला. पोळ्याच्या करंज्या उरल्या होत्या त्या तिले देल्या बी खाले. अन् एकदम म्हनते, माय, होऊन राह्यलं. मी पाह्यलं तं... पाय होते जी. डोकं नाई, पाय."

दवाखान्याच्या गाडीला फोन केला तो त्यानंतर. गाडी आली लगेच. पण तोवर उशीर झालाच होता.

मामी म्हणाल्या, "ओरडली असती एकदा तरी. एकदा बी नाई ओरडली माह्यी पोरगी."

मी एस.टी.चा ड्रायव्हर. हॉर्नच्या आवाजावरून रस्त्यात पुढे काय आहे ते ओळखणं हा माझा धंदा. मामींना काय बोलणार? मामी चुकल्या नाहीत. त्यांच्या गावात ज्या खुणेवर चार पिढ्यांची बाळंतपणं झाली ती खूणच शालूनं पुसून टाकली. ती पण चुकली नाही. तिला जे शिकवलं ते तिनं केलं, आणि क्लासमध्ये सगळ्यात छान केलं.

मामी माझ्याबरोबर आल्या.


२९ नोव्हेंबर, शनिवार

क्लास सुटल्यावर थांबलो. मॅडमना सगळं सांगितलं. व्हिडिओतली मुलगी माझी बायको आहे, ती कशी शांत राहिली, घरच्यांना कसं वाटलं की वेळ आहे. आवाज चढला माझा, नाही म्हणणार नाही. शेवटी म्हटलं, "काय उपयोग तुमच्या क्लासचा? तुम्ही तिला गप्प बसवलं."

त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. गादीवरच खाली बसल्या. म्हणाल्या, पायाळू असेल तर आधी सोनोग्राफीत दिसायला हवं होतं, आणि शेवटच्या महिन्यात बाळ फिरतंही कधी कधी. मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, हे तुम्हाला आत्ता सांगून काय करू." गादीवरची उशी सरळ केली. "मी बाईला शिकवलं, भाऊ. तिच्या आजूबाजूच्या बायांना शिकवलं नाही. त्या तिच्याकडे कशा बघतात ते मला माहीतच नव्हतं. मी नागपूरची."

फोन काढला, व्हिडिओ उघडला, म्हणाल्या, "मी हा काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर."

मी हात धरला त्यांचा. परक्या बाईचा हात मी कधी धरला नाही. म्हटलं, नका काढू. त्यात तो जिवंत आहे. मला पाठवा.

पाठवला. फोनमध्ये आहे. उघडला नाही.


६ डिसेंबर

क्लासला सुट्टी. घरात दोन आया, दोघी चुलीपाशी, आणि दोघींमध्ये शालू, कुणाशीच न बोलणारी. मॅडम म्हणाल्या होत्या की दोघींना एकदा घेऊन या. आईला कसं सांगायचं हा प्रश्न. शालूला कसं सांगायचं हा त्याहून मोठा.


१३ डिसेंबर, शनिवार

दोघींना घेऊन गेलो. आईला सांगितलं, महाकालीचं दर्शन करू, मग एका ठिकाणी जायचंय. म्हणजे फसवूनच. शालूपाशी शेजारच्या वहिनींना बसवलं.

गादीवर बसायला दोघी तयार नाहीत. खुर्च्या दिल्या. आई सारखी इंजिनियरकडे बघत होती, बायकोचे पाय चेपत होता तो. माझ्या कानात म्हणते, "हा मानूस हाये का नर्स?"

मॅडमनी आज वेगळंच शिकवलं, मला वाटतं खास ह्या दोघींसाठी. कळ बाईच्या तोंडावर शोधू नका, पोटावर हात ठेवा. पोट किती कडक होतं, किती वेळ राहतं, किती लवकर परत येतं ते हातानं बघा. बाई ओरडो की हसो. आणि पाणी गेलं, रक्त गेलं, डोक्याऐवजी दुसरं काही हाताला लागलं तर एक क्षण थांबायचं नाही. आई म्हणाली, "आमी तोंड पाहूनच ओळखतो." पण हात ठेवून बघितला, इंजिनियरच्या बायकोच्या पोटावर. त्या पोरीनं ठेवू दिला. आईचा चेहरा मऊ झाला. मला क्षणभर वाटलं, चला, एवढं तरी.

मग मामी उठल्या. सगळ्यांसमोर विचारलं, "म्हंजे मॅडम, मी नुसता हात ठेवला असता, तं मले कळलं असतं?"

मॅडमनी मान खाली घातली.

मामी परत खुर्चीवर बसल्या. क्लास संपला तरी उठेनात. आईनं धरून उठवलं.

कशाला नेलं मी त्यांना. दैवाला बोल लावून त्या बाईनं कसे तरी दिवस काढले होते. आता तेवढंही राहिलं नाही. आता तिला पक्कं माहीत झालं.


१५ डिसेंबर

मामी गावाला गेल्या. कुणी थांबवू शकलं नाही. जाताना शालूच्या पोटावर हात ठेवला, अगदी क्लाससारखा. बराच वेळ. शालूनं हात झटकला नाही, पण बघितलंही नाही.


१८ डिसेंबर

भांडण. सव्वा वर्षात पहिलं खरंखुरं भांडण. शेजारच्या वहिनींनी शालूला सांगितलं, तुझ्या दोन्ही आया क्लासला गेल्या होत्या म्हणून.

"माह्या मायीले काऊन नेलं तिथी? कोनाले विचारून नेलं?"

म्हटलं, तुझ्यासाठी.

"माह्यासाठी! ते आता खात नाई, पित नाई, भाऊ फोन करून सांगून राह्यला. तिले काऊन कळू देलं तुमी? मी सव्वा वर्ष कोनाले सांगतलं नाई ते काऊन? मले माहीत नवतं का?"

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. ती कुणावर रागावली म्हणून गप्प नव्हती. मायला कळू नये म्हणून गप्प होती.

मग ओट्यावर बसली आणि सावकाश बोलली, आवाज न चढवता, आणि तेच मला जास्त लागलं.

"मॅडम म्हने, ओरडाचं नाई. मले तं साबासकी पायजे होती. मनात म्हनत होती, गेल्यावर सांगीन, मॅडम, मी एक बी हाक मारली नाई. मी ओरडली नाई, अन् तो रडला नाई. झालं."

मी तिच्याजवळ बसायला गेलो. ती सरकली नाही.

"ह्या खेपेस मी ओरडीन," म्हणाली. "पयल्या कळेपासून ओरडीन. गाव गोळा झालं तरी चालते."


२७ डिसेंबर, शनिवार

क्लास. मॅडमनी शांत राहायचं शिकवताना आज दोनदा थांबून शब्द बदलले. "ओरडू नका" न म्हणता "ओरडावं वाटलं तर ओरडा, पण मधल्या वेळात श्वास घ्या" असं म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. इंजिनियरनं लिहून घेतलं.

मी विचार करत होतो, हे वाक्य सव्वा वर्षाआधी बोललं गेलं असतं तर. मग वाटलं, तरी काय झालं असतं? शालूला शाबासकी हवी होती. तिनं पहिलंच वाक्य धरलं असतं, दुसरं सोडलं असतं. विचार करून करून माणूस वेडा होईल.


३ जानेवारी

शालूनं माझा फोन घेतला मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाचे फोटो बघायला, आणि तिला व्हिडिओ सापडला. मी न्हाणीतून बाहेर आलो तर ती खाटेवर बसून बघत होती. आवाज बंद. परत परत तोच. मला वाटलं, आता सगळं संपलं.

मान वर न करता म्हणाली, "हे पाहा. इथी मी हसली न? तवा त्यानं लात मारली होती. म्हून हसली."

मी बघितलं. पोटावर गाऊन थोडा हलतो. क्लासमध्ये नजरेसमोरून गेलं होतं ते, मला दिसलं नव्हतं.

म्हटलं, हा आताचा मारतो का? 

तिनं फोन उलटा ठेवला. मग, "मारते," म्हणाली. "लय मारते. मी ध्यान देत नाई." आणि रडली. मी पण. आई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.


१० जानेवारी, शनिवार

शेवटचा क्लास. शालू आली नाहीच. मॅडमनी सगळ्यांना विचारलं, काय मिळालं इथं येऊन? सगळे छान छान बोलले. भीती गेली, विश्वास आला. माझी पाळी आली. म्हटलं, मला आधी भीती कशाची ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे. कुणी हसलं नाही. इंजिनियरनं जाताना हात मिळवला, नंबर दिला, चंद्रपुरात लागलं तर गाडी घेऊन येतो म्हणाला. बायकोची पाण्याची बाटली धरणारा माणूस म्हणून इतके दिवस मनातल्या मनात त्याची टिंगल केली मी.


१९ जानेवारी

सोनोग्राफी. डोकं खाली आहे. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक. शालूनं विचारलं, "फिरते का नंतर?" ते म्हणाले, आता बहुतेक नाही. "बहुतेक" हा शब्द तिनं घरी येईपर्यंत धरून ठेवला.

रजा मिळाली. चंद्रपुरात चुलतभावाकडे राहायला जायचं ठरवलं, दवाखान्याच्या जवळ. आई म्हणते, आपल्या घरात का नाही? मूलच्या दवाखान्यात होतात की सगळ्यांची. मी म्हटलं, मूलहून चंद्रपूर म्हणजे मधे जंगल, रस्त्यात वाघ आडवा झाला तर गाडी थांबतेच, हे तुला माहीत आहे. आई म्हणाली, "वाघाले भिऊन कोनी बाळतपन करते का?" पण बोचकं बांधलं तिनं. त्यात नवीन काही नाही, जुनीच लुगडी फाडून केलेले तुकडे. लेकराचं आधी काही घ्यायचं नाही. बरोबरच आहे.


२४ जानेवारी

चंद्रपूर. वाट बघणं. शालू आता पोटावर हात ठेवते, पण कुणी बघतंय असं वाटलं की काढते. मामींना फोन केला, या म्हटलं. "मी नाई येत जवाईबापू. माह्या हातानं नाई होत." शालूनं फोन मागितला. दोघी माय-लेकी फोन कानाला लावून काहीच बोलत नव्हत्या. मग ठेवला.


२८ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. दुपार आहे. आई समोर माळ जपतेय.

सकाळी चहा होत होता आणि शालू ओरडली. कळ लहानच होती, तिनंच नंतर सांगितलं. पण बोलली होती तसं, पहिल्या कळेपासून. बिल्डिंगमधल्या बाया दारात आल्या. आईनं पोटावर हात ठेवला, क्लासमध्ये ठेवला तसा, आणि मला म्हणाली, "चाल." तोंडाकडे बघितलंही नाही. इंजिनियरला फोन केला. आला. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं. इथं वेळेवर पोचलो.

मग तासन् तास तेच. प्रत्येक कळेला ओरडणं. खालपर्यंत ऐकू यायचं. आधी एक सिस्टर रागावली, मग दुसरी. "बाई, अजून लय टाइम आहे, एवढ्यातच सगळी ताकद काढून टाकशील तर वेळेवर जोर कुठून आणशील?" हे शब्दाशब्दानं बरोबर आहे. मॅडमनी हेच शिकवलं. मी स्वतः गादीवर झोपून शिकलो.

सिस्टर बाहेर आल्या. "तुम्ही क्लास केलाय म्हणता ना? या आत. समजवा तिले. श्वास घ्यायला लावा. अशानं ती थकून जाईल, मग सिझर करावं लागेल."

आत गेलो. घामानं भिजलेली. माझा हात धरला, हाडं मोडतील असा. कळ आली. तोंड उघडलं तिनं आणि माझ्याकडे बघितलं. विचारत होती. मी काय सांगतो ते ऐकणार होती, मला दिसत होतं. म्हणालो असतो, शालू, नाकानं आत, तोंडानं बाहेर, तर तिनं केलं असतं. सगळ्यात छान केलं असतं.

मी म्हटलं, "ओरड."

सिस्टरनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. नवरे लोक आत घेतो ते मदत करायला घेतो, म्हणाल्या.

तेव्हापासून इथं बसलोय. डॉक्टर मधे एकदा येऊन गेले, थकलीय म्हणाले, बाळाचे ठोके थोडे कमी होताहेत, अर्धा तास वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. सही केली. माझ्यामुळे थकली का? शिकून आलेलं सांगितलं असतं तर ताकद राहिली असती का? एवढे शनिवार जाऊन मी काय शिकलो आणि जेव्हा वेळ आली तेव्हा नेमकं उलटं का बोललो, कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मॅडमना फोन लावावासा वाटतोय. लावत नाही.

आई म्हणते, काय लिहून राह्यला? म्हटलं, हाताला काही तरी काम हवं. जोवर आवाज येतोय तोवर लिहितो.

ओरडतेय. आवाज बसलाय तिचा, पण ओरडतेय.

परत.

परत.

आईची माळ थांबली. आतून काहीच येत नाही. तिचा पण आवाज नाही, दुसरा कुणाचा पण नाही.

दारापाशी जाऊन बघतो.